पीक विमा : अर्ज बाद होऊ नये आणि भरपाईचा अंदाज चुकू नये यासाठी

खरीप २०२३ पासून दोन वर्षे महाराष्ट्रात एक रुपयात पीक विमा मिळत होता. शेतकऱ्याच्या वाट्याचा हप्ता राज्य शासन भरत असल्यामुळे अर्ज बाद झाला तरी खिशातून काही जात नव्हते आणि अर्जात काय लिहिले आहे याकडे फारसे कोणी बघतही नव्हते. खरीप २०२५ पासून ही सवलत बंद झाली. आता प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मूळ नियमाप्रमाणे खरिपाच्या अन्नधान्य व तेलबिया पिकांना विमा संरक्षित रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला १.५ टक्के आणि कापूस, कांदा यांसारख्या नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत हप्ता तुम्हाला स्वतः भरावा लागतो. विमा कंपनीचा खरा दर याहून जास्त असेल तर वरचा भार केंद्र आणि राज्य उचलतात.

हप्ता वाढला, ही बदलातली लहान बाब आहे. मोठी बाब अशी की योजनेतून नेमके काय मिळते, तेच बदलले. त्याच वेळी शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी सक्तीची झाली. म्हणून आता दोन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्याव्या लागतात. हा विमा तुमची कोणती जोखीम उचलतो आणि कोणती उचलत नाही, ही पहिली. आणि कागदावरच्या कोणत्या चुकीने आहे तो हक्कही जातो, ही दुसरी.

विमा तुमच्या शेताचा नाही, मंडळाचा आहे

पूर्वी राज्यात चार-पाच प्रकारे भरपाई मिळू शकत होती. पावसाअभावी पेरणीच झाली नाही, हंगामाच्या मध्यात मोठा खंड पडला, गारपीट झाली किंवा शेतात पाणी साचले, काढून वाळत घातलेले पीक अवकाळी पावसाने भिजले, आणि शेवटी मंडळाचे सरासरी उत्पादन घटले. यातल्या स्थानिक आपत्तीसाठी व काढणीनंतरच्या नुकसानीसाठी ७२ तासांत कळवायचे, मग पाहणी, मग वैयक्तिक भरपाई, अशी पद्धत होती. खरीप २०२५ च्या शासन निर्णयाने राज्यात हे जास्तीचे प्रकार वगळले आणि पीक कापणी प्रयोगावर आधारित उत्पादनघट एवढाच निकष ठेवला.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, तेव्हा अनेकांनी सवयीने ॲपवर पूर्वसूचना देण्याचा प्रयत्न केला. त्या सूचनेला त्या हंगामात भरपाईच्या दृष्टीने अर्थ उरला नव्हता. तुमचे शेत ओढ्याकाठी असेल आणि तेवढेच वाहून गेले असेल, तर मंडळाचे सरासरी उत्पादन ठीक आल्यावर तुम्हाला विम्यातून काहीच मिळणार नाही. हे अन्यायकारक वाटते, आणि माझ्या मते आहेच. पण हप्ता भरताना हे माहीत असलेले बरे.

केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान आणि भातशेती पाण्याखाली जाण्याचे नुकसान स्थानिक आपत्तीत घेण्याची घोषणा खरीप २०२६ पासून केली. त्यात ७२ तासांत जिओटॅग फोटोसह कळवण्याची अट आहे. मात्र कोणते जिल्हे, कोणते प्राणी हे राज्याने अधिसूचित करायचे असते. रानडुकरांचा त्रास असलेल्या गावांनी केंद्राच्या घोषणेवर न थांबता आपला जिल्हा राज्याच्या अधिसूचनेत आहे का, हे हंगामाआधीच तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारावे.

भरपाईचे गणित

हे गणित एकदा स्वतः कागदावर मांडून पाहाच. शेजारच्या तालुक्याला मिळाले आणि आम्हाला का नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यातच असते.

आपल्या राज्यात विमा क्षेत्र घटक म्हणजे सहसा महसूल मंडळ. मंडळातल्या मागच्या सात वर्षांच्या उत्पादनातली सर्वांत चांगली पाच वर्षे घेऊन सरासरी काढतात. तिला जोखीमस्तराने, म्हणजे राज्यात ७० टक्क्यांनी गुणतात. येणारा आकडा म्हणजे उंबरठा उत्पादन. चालू हंगामाचे सरासरी उत्पादन त्याच्या खाली गेले तरच भरपाई, आणि तीही उंबरठ्याच्या खाली जितके टक्के गेले तितकीच.

समजा तुमच्या मंडळात सोयाबीनचे सात वर्षांचे हेक्टरी उत्पादन किलोमध्ये असे आहे : १४००, ९००, १२५०, १५००, ७००, १३५०, १२००. यातली ९०० आणि ७०० ची दोन वाईट वर्षे सोडली तर उरलेल्या पाचांची सरासरी १३४० येते. तिचे ७० टक्के म्हणजे ९३८ किलो हे उंबरठा उत्पादन. यंदा कापणी प्रयोगातून सरासरी ७५० किलो आली. तूट १८८ किलो, म्हणजे ९३८ च्या सुमारे २० टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५८,००० रुपये धरली तर भरपाई हेक्टरी साधारण ११,६०० रुपये. एकरी सांगायचे तर ४,६५० च्या आसपास.

आता नीट बघा. १३४० वरून ७५० म्हणजे शेतातली घट ४४ टक्के, पण भरपाई विमा रकमेच्या २० टक्के. आणि यंदाची सरासरी १००० किलो आली असती तर, म्हणजे चांगल्या वर्षांच्या मानाने २५ टक्के घट होऊनही, भरपाई शून्य. तुमच्या स्वतःच्या शेतात ३०० किलोच निघाले असले तरी शून्य.

या उदाहरणात हेक्टरी हप्ता २ टक्क्यांनी १,१६० रुपये होतो. तो भरावा का? कोरडवाहू सोयाबीनच्या ज्या मंडळात दर चार-पाच वर्षांत सगळ्यांचेच पीक बुडते, तिथे भरावा असेच मी सांगतो. कारण ज्या वर्षी सगळ्यांचे बुडते, त्याच वर्षी उसनवार मिळत नाही आणि मजुरीही मिळत नाही. ज्या मंडळात मोठा भाग ओलिताखाली आहे आणि तुमचे शेत मात्र माळावर आहे, तिथे सरासरी ओलितवाल्यांमुळे वर राहते. तिथे या विम्याचा उपयोग फार कमी, हे धरूनच निर्णय घ्या.

तुमच्या एकट्या शेताची जोखीम विमा उचलत नसेल तर ती शेतातच उचलावी लागेल. पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत सोयाबीन सपाट पेरण्याऐवजी रुंद सरी-वरंब्यावर घ्या, उताराच्या तोंडाशी चर मोकळा ठेवा, आणि सगळे क्षेत्र एकाच पिकाखाली न घालता तुरीचे आंतरपीक ठेवा. सप्टेंबरमध्ये सोयाबीन गेले तरी निचरा असलेल्या जागी तूर पुष्कळदा उभी राहते. आंतरपिकाने अर्जात मात्र एक गुंता होतो. तो पुढे सांगतो.

क्षेत्राच्या चुका

अर्ज बाद होण्याची सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त दिसणारी चूक क्षेत्राची. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, आपण बोलतो एकर-गुंठ्यात. ‘दोन एकर वीस गुंठे’ असे सांगितल्यावर अर्ज भरणारा मुलगा घाईत २.२० टाकतो आणि ते २ हेक्टर २० आर होतात. प्रत्यक्षात अडीच एकर म्हणजे १ हेक्टर १ आर. दुपटीहून जास्त क्षेत्राचा विमा निघाला. हप्ता तर दुप्पट गेलाच, वर पडताळणीत तो ‘वाढीव क्षेत्र’ म्हणून सापडतो. तुमचा हेतू काय होता, हे संगणक विचारत नाही. एक एकर म्हणजे ०.४० हेक्टर, एक गुंठा म्हणजे जवळपास एक आर, एवढे लक्षात ठेवून पावतीवरचा आकडा तिथेच उभे राहून वाचा.

पोटखराबा विम्यात धरू नका. विहीर, गोठा, घर, शेततळे, बांध यांचेही क्षेत्र वजा करा. सामाईक खात्यात तुमच्या हिश्शाचेच क्षेत्र टाका. भावांपैकी एकाने सगळ्या गटाचा विमा काढला आणि दुसऱ्याने आपल्या हिश्शाचा वेगळा काढला, की एकाच जमिनीवर दोन अर्ज दिसतात. मग दोघांचेही अडकतात. सामाईक गट असेल तर अर्जाआधी भावांनी एकत्र बसून कोण किती क्षेत्राचा काढणार, हे ठरवून घ्यावे. घरात बोलणे नसेल तरी एवढ्यापुरते बोलावे लागेल.

आता आंतरपीक. एक हेक्टरात सहा ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर, ओळींतले अंतर सारखे, तर सोयाबीन साधारण ७५ आर आणि तूर २५ आर असे क्षेत्र विभागले जाते. ई-पीक पाहणीत तुम्ही मिश्र पीक म्हणून असेच नोंदवले आणि विमा मात्र पूर्ण हेक्टर सोयाबीनचा काढला, तर तफावत होणारच. दोन्हींकडे तेच प्रमाण टाका. तुरीचा विमा वेगळा काढायचा की नाही हे तुमच्यावर, पण सोयाबीनचे क्षेत्र फुगवू नका.

पेरणी, मुदत आणि ई-पीक पाहणी

खरिपाची मुदत साधारण ३१ जुलैपर्यंत असते. रब्बी ज्वारीला ३० नोव्हेंबर, गहू, हरभरा व रब्बी कांद्याला १५ डिसेंबर, उन्हाळी भात व भुईमुगाला ३१ मार्च. मुदतवाढ अनेकदा मिळते, पण तिच्या भरवशावर राहू नये. शेवटच्या दोन दिवसांत पोर्टल अडखळते आणि तेव्हाच घाईने चुकीचे भरले जाते.

उलट काही जण जूनमध्ये पेरणीआधीच विमा काढून मोकळे होतात. तेही धोक्याचे. पाऊस लांबला, सोयाबीनऐवजी उशिरा बाजरी किंवा तूर टाकावी लागली, तर विमा एका पिकाचा आणि शेतात दुसरेच पीक. खरीप २०२५ पासून विम्यातले पीक आणि ई-पीक पाहणीतले पीक जुळले नाही तर अर्ज रद्द करण्याची तरतूद आहे. म्हणून पेरणी झाली, उगवण दिसली, की त्या आठवड्यात विमा काढावा. दुबार पेरणीत पीक बदलले तर मुदत संपण्याआधी अर्जात बदल करून घ्यावा. कर्जदार असाल तर पीक बदल मुदतीच्या किमान दोन दिवस आधी बँकेला लेखी कळवावा लागतो.

ई-पीक पाहणी २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर सुरू झाली. आता ती डिजिटल क्रॉप सर्व्हेच्या ॲपमधून होते. खरिपात शेतकऱ्याने स्वतः नोंद करण्याचा काळ साधारण १ ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असतो. म्हणजे विमा आधी आणि पाहणी नंतर. इथेच पुष्कळांचे राहून जाते. विम्याची पावती हातात आली की काम झाले असे वाटते, आणि ऑगस्टमध्ये फवारणीच्या धांदलीत पाहणी विसरते.

पाहणी करताना गटात किंवा गटाच्या अगदी जवळ उभे राहावे लागते, कारण ॲप तुमचे ठिकाण नकाशाशी ताडते. घरी बसून किंवा पाराजवळ मित्राच्या मोबाईलवरून केलेली नोंद चालत नाही. शेतात रेंज नसेल तर फोटो आणि माहिती तिथे साठवून रेंजमध्ये आल्यावर पाठवा. नोंद अपलोड झाल्यावर दुरुस्तीसाठी ४८ तास मिळतात. त्याच संध्याकाळी घरी निवांत बसून गट क्रमांक, पीक, क्षेत्र आणि जलसिंचनाचा प्रकार पुन्हा वाचा. चूक तेव्हाच दिसली तर दोन मिनिटांचे काम असते. नंतर ती ग्राम महसूल अधिकाऱ्यांच्या, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांच्या दारात जाऊन बसण्याचे काम होते. स्वतः नोंद करणे जमले नाही तर गावासाठी नेमलेल्या सहायकाकडून करून घेता येते. त्याची मुदत शेतकऱ्याच्या मुदतीनंतर सुरू होते. मात्र त्याच्यावर हजारभर गटांचा भार असतो, तेव्हा तो तुमच्या बांधावर नक्की कधी येईल ते बघा.

नोंद झाल्यावर सातबाऱ्याच्या खालच्या भागात, म्हणजे गाव नमुना बारामध्ये पीक चढले का, हे महिनाभराने डिजिटल उतारा काढून पाहावे. ॲपने ‘यशस्वी’ म्हटले म्हणून सोडू नका. उतारा आणि विम्याची पावती शेजारी ठेवून गट, पीक, क्षेत्र या तीनच गोष्टी जुळवा.

नाव, ओळख क्रमांक आणि खाते

राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. क्रमांक मिळाला म्हणजे झाले असे नाही. नोंदणीच्या वेळी तुमच्या नावाचे सगळे गट त्यात जोडले गेले का, हे बघावे लागते. दुसऱ्या गावातली आईकडून आलेली जमीन, नुकतीच घेतलेली जमीन हमखास सुटते. क्रमांकाशी न जोडलेल्या गटाचा विमा काढताना पोर्टल अडवते, आणि ते नेमके जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कळते.

सातबाऱ्यावर ‘दगडू रामा’, आधारवर ‘दगडूबा रामराव’, बँकेत आणखी तिसरे, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. नावात किरकोळ फरक असेल तर बहुतेक वेळा निभावते, मोठा असेल तर नाही. यावर हंगामात उपाय होत नाही. एप्रिल-मे मध्ये करण्याचे काम आहे हे. वडील वारले असतील आणि वारस नोंद झाली नसेल तर तीही याच काळात करून घ्या. मयताच्या नावे भरलेला अर्ज सरळ बाद होतो, आणि वारसाला त्या जमिनीवर स्वतःच्या नावाने अर्ज करता येत नाही. मधल्या मध्ये त्या हंगामाला विमाच नाही.

जमीन खंडाने किंवा बटईने करणाऱ्यांची अडचण सर्वांत मोठी आहे. योजनेत त्यांना जागा आहे, पण नोंदणीकृत भाडेकरार लागतो. मालक तो करून द्यायला घाबरतो, कुळाचा हक्क लागेल या भीतीने. मग विमा मालकाच्या नावावर निघतो, हप्ता कसणारा भरतो, आणि भरपाई मालकाच्या खात्यात येते. ती पुढे मिळेल की नाही हे दोघांच्या संबंधांवर. करार होत नसेल तर निदान हा हिशेब आधी बोलून घ्या.

भरपाई आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. दोन-तीन खाती असतील तर आधार कोणत्या खात्याशी शेवटचे जोडले आहे ते बँकेत विचारा. पैसे आले नाहीत अशा तक्रारींमध्ये पैसे दुसऱ्याच, वापरात नसलेल्या खात्यात पडलेले मी अनेकदा पाहिले आहेत.

सामूहिक सेवा केंद्राला प्रत्येक अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीकडून मिळतात. तुमच्याकडून हप्त्याशिवाय जास्तीची रक्कम मागितली तर द्यायची नसते.

कर्जदार शेतकऱ्यांसाठी

खरीप २०२० पासून कर्जदारांनाही योजना ऐच्छिक आहे. पण ‘नको’ हे सांगावे लागते. मुदतीच्या किमान सात दिवस आधी बँकेला किंवा सोसायटीला लेखी दिले नाही तर हप्ता पीककर्जाच्या खात्यातून कापला जातो. कर्ज घेताना मंजूर झालेले पीक आणि शेतात उभे असलेले पीक वेगळे असणे हे कर्जदारांच्या बाबतीत फार घडते. कर्ज ऊस किंवा कापसाच्या दराने, पेरा सोयाबीनचा. बँक कर्जाच्या नोंदीवरून विमा काढते. म्हणून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बँकेत जाऊन माझा विमा कोणत्या पिकाचा, कोणत्या गावाचा जातो आहे, एवढे विचारा. बँकेने तुमची माहिती चुकीची भरली किंवा भरलीच नाही आणि त्यामुळे भरपाई गेली, तर जबाबदारी बँकेची असते, असे योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तुम्ही लेखी दिलेल्या अर्जाची पोच हाती असेल तरच ते मांडता येते. तोंडी सांगितलेले टिकत नाही.

बनावट अर्ज

एक रुपयाच्या काळात गायरान, शासकीय व देवस्थानच्या जमिनींवर, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर, न लावलेल्या पिकावर अर्ज भरले गेल्याची मोठी प्रकरणे उघड झाली. त्यातूनच आजचे कडक नियम आले. आता बनावट अर्ज सापडल्यास अर्जदाराला पाच वर्षे काळ्या यादीत टाकण्याची आणि शासकीय योजनांपासून दूर ठेवण्याची तरतूद आहे. ठिबक, अवजारे, सगळेच त्यात गेले. गावात कोणी ‘तुझा सातबारा आणि आधार दे, अर्धे-अर्धे करू’ म्हणत असेल तर काळ्या यादीत नाव तुमचे जाते, त्याचे नाही. तसेच तुमच्या गटावर दुसऱ्या कोणी विमा काढला आहे का, हे अर्ज भरतानाच समजते. तसे दिसले तर त्याच दिवशी तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी कळवा.

पीक कापणी प्रयोग

भरपाईचा सगळा डोलारा आता या प्रयोगांवर उभा आहे. तरी गावात त्यांच्याबद्दल सर्वांत कमी माहिती असते. मंडळातली गावे, त्यातले गट आणि गटातली प्रयोगाची जागा यादृच्छिक पद्धतीने ठरते. कोपऱ्यातले खराब पीक किंवा मधले चांगले पीक निवडायचे नसते. आखलेल्या चौकोनातले पीक कापून, मळून, वजन घेऊन ते ॲपवर जिओटॅग फोटोसह भरतात. विमा कंपनीचा प्रतिनिधी सहनिरीक्षणाला येऊ शकतो. भात आणि गव्हासाठी खरीप २०२३ पासून उपग्रह व इतर तंत्रज्ञानाने काढलेल्या उत्पादनालाही किमान ३० टक्के भार दिला जातो. पुढे सोयाबीनचाही त्यात समावेश झाला.

प्रयोग तुमच्या गावात कोणत्या गटात आहेत, हे सहायक कृषी अधिकाऱ्यांना, म्हणजे पूर्वीच्या कृषी सहायकांना विचारा आणि कापणीच्या दिवशी हजर राहा. चार शेतकरी समोर असले की वजन नीट होते. ज्याच्या शेतात प्रयोग आहे त्याने तो होण्याआधी परस्पर काढणी करू नये. पाऊस येतोय म्हणून मळणीयंत्र लावले तर प्रयोगच वाया जातो आणि फटका मंडळाला बसतो.

कधीकधी गावकरी वजन कमी लिहिण्यासाठी दबाव आणतात. ते बेकायदेशीर आहे हे एक. दुसरे असे की तो आकडा पुढच्या सात वर्षांच्या हिशेबात राहतो. वाईट वर्षे दोनच वगळली जातात. तिसरे वर्ष खोटे पाडले की ते सरासरीत येते आणि उंबरठा खाली बसतो. मग खरे नुकसान झालेल्या वर्षी भरपाईच निघत नाही.

फळबागा

फळपिकांचा विमा वेगळा, हवामानावर आधारित. तिथे तुमच्या बागेत काय झाले यापेक्षा मंडळातल्या हवामान केंद्राने किती पाऊस, किती तापमान नोंदवले यावर भरपाई ठरते. किमान क्षेत्र २० आर, कोकणात १० आर, आणि कमाल ४ हेक्टर. बागेचे वय बघितले जाते. डाळिंब व द्राक्षाला २ वर्षे, संत्रा, मोसंबी, पेरू, सीताफळाला ३, लिंबाला ४, आंबा, काजू, चिकूला ५. त्याहून लहान बागेचा काढलेला विमा फुकट जातो. गारपिटीचे संरक्षण जादा हप्ता भरून वेगळे घ्यावे लागते, आणि तिथे ७२ तासांत कळवण्याचा नियम अजूनही पाळावाच लागतो.

शासनाची मदत आणि विमा

अतिवृष्टीनंतर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक जो पंचनामा करतात तो आपत्ती मदतीसाठी असतो. ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झाल्यास जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये हा आपत्ती निधीचा दर आहे. दोन हेक्टरची मर्यादा राज्याने २०२५ मध्ये तीन हेक्टर केली. ही मदत विमा काढला नसला तरी मिळते. पंचनामा झाला म्हणून विमा मिळत नाही आणि विमा काढला म्हणून पंचनाम्यातून नाव वगळता येत नाही. दोन्हींसाठी ओळख क्रमांक आणि आधार जोडलेले खाते मात्र तेच लागते.

नाकारले तर

अर्ज रद्द झाल्याचा संदेश नोंदवलेल्या मोबाईलवर येतो. सेवा केंद्रवाल्याने स्वतःचा क्रमांक टाकला असेल तर तो संदेश तुमच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून पावतीवरचा मोबाईल क्रमांकही वाचा. महिन्यातून एकदा पोर्टलवर अर्जाची स्थिती बघितली तर कागद कमी असल्याचे वेळेत कळते आणि तो जोडता येतो.

तक्रार १४४४७ या कृषी रक्षक क्रमांकावर नोंदवून तक्रार क्रमांक घ्या. त्यानंतर तेच लेखी तालुकास्तरीय समितीकडे आणि तिथे समाधान न झाल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीकडे द्या. अर्जात भावना कमी आणि आकडे जास्त असावेत : अर्ज क्रमांक, गट, पीक, क्षेत्र, हप्ता भरल्याची तारीख, ई-पीक पाहणीची तारीख, नाकारण्याचे दिलेले कारण आणि ते कोणत्या कागदाने खोटे ठरते. मंडळाचे उंबरठा उत्पादन आणि यंदाचे सरासरी उत्पादन किती धरले, हेही त्याच अर्जात मागा. हे आकडे मिळाले की वरचे गणित स्वतः करून भरपाई बरोबर आली की कमी, ते पाहता येते. मंजूर भरपाई ठरलेल्या मुदतीत दिली नाही तर वार्षिक १२ टक्के दराने दंड देण्याची तरतूद आहे. अर्जाच्या शेवटी त्याचा उल्लेख करा आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.